सेप्टिक टाकी: तुंबण्याची वाट का पाहू नये





आपण पाठवलेल्या देणगीतून वसतिगृहात काय झाले, हे आम्ही दर अंकात कळवतो. पंखे बसले, बाके आली, मुलींच्या खोल्यांना रंग लागला. या वेळी मी अशा एका कामाविषयी लिहिणार आहे ज्याचा फोटो छापता येत नाही. ते काम म्हणजे संडासाची टाकी उपसणे. विषय ऐकून नाक मुरडू नका. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरामागे, दुकानामागे किंवा उपासनामंदिराच्या आवारात अशी एक टाकी आहेच, आणि तिचे झाकण शेवटी कधी उघडले होते हे फार थोड्यांना सांगता येईल.

मलाही सांगता येत नव्हते. नंदुरबार जिल्ह्यातल्या या वसतिगृहात मी अधीक्षक म्हणून आलो, तेव्हा टाकी कोठे आहे एवढेच मला दाखवण्यात आले होते. काही वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये, भर पावसात, संडास तुंबले. साठ मुले वसतिगृहात होती. मैला उपसणारी गाडी तालुक्याहून मागवली, तर चिखलामुळे ती दोन दिवस आमच्या फाट्यावरच अडली. तिसऱ्या दिवशी कशीबशी आत आली. पाइप टाकला, वरचे पाणी ओढले गेले आणि पंप नुसताच घरघरू लागला. तळाचा गाळ दगडासारखा बसला होता. जुन्या वह्या काढून पाहिल्या तेव्हा कळले की टाकी नऊ वर्षांत एकदाही उपसलेली नव्हती.

गाडीबरोबरचा मदतनीस म्हणाला, “एक माणूस फावडं घेऊन आत उतरला, तर अर्ध्या तासाचं काम आहे.” आमच्या एका विद्यार्थ्याचे वडील त्या दिवशी मुलाला भेटायला आले होते. ते शेजारीच उभे होते. ते म्हणाले, “सर, मी उतरतो. माझंच पोरगं इथं राहतं ना.” त्यांनी मजुरीचा शब्दही काढला नाही.

खरे सांगतो, मी लगेच ‘नाही’ म्हणालो नाही. साठ मुलांची अडचण डोळ्यांसमोर होती आणि धोका किती मोठा आहे हे मला ठाऊक नव्हते. ‘नाही’ म्हणाला तो गाडीचा चालक. “दादा, मागे व्हा,” तो त्या वडिलांना म्हणाला. “आत गेलेला माणूस हाक मारायच्या आत पडतो.” मग वरून पाणी सोडत, लांब बांबूने बाहेरूनच गाळ ढवळत आणि थोडा थोडा ओढत ते काम दोन दिवस चालले. तोपर्यंत मुलांना घरी पाठवावे लागले. त्यानंतर मी या विषयाची नीट माहिती करून घेतली. तीच आज तुमच्यापुढे मांडतो.

टाकीत काय घडते

सेप्टिक टाकी मैला नाहीसा करत नाही, ती तो वेगळा करते. जड भाग तळाशी बसतो, त्याचा गाळ होतो. तेलकट, हलका भाग सायीसारखा वर तरंगतो. मधले त्यामानाने निवळ पाणी पुढच्या पाइपने शोषखड्ड्यात जाते आणि जमिनीत मुरते. तळाच्या गाळातले जिवाणू हवेशिवाय त्याचा काही भाग कुजवतात, पण सगळा नाही. उरलेला गाळ वर्षानुवर्षे साठत जातो.

गाळ वाढला की मधल्या पाण्याची जागा कमी होते. मग मैला बसायला पुरेसा वेळ मिळत नाही आणि तो पाण्याबरोबर शोषखड्ड्यात जातो. तिथल्या मातीची छिद्रे बुजतात. टाकी उपसता येते, पण बुजलेला शोषखड्डा बहुधा नव्यानेच करावा लागतो. म्हणजे उपसणीचे भाडे वाचवायला जावे आणि त्याच्या कितीतरी पट खर्च अंगावर घ्यावा, असा हा व्यवहार आहे. शिवाय न निवळलेले ते पाणी जवळच्या विहिरीपर्यंत पोचू शकते.

केव्हा उपसावी

घरगुती टाकी साधारण दर दोन ते तीन वर्षांनी उपसावी. हॉटेल, मंगल कार्यालय, दवाखाना, शाळा अशा ठिकाणी माणसांची ये-जा जास्त असते, तिथे त्याहून लवकर. गाळ टाकीतल्या पाण्याच्या खोलीच्या एक तृतीयांशापर्यंत आला, की आणखी थांबू नये.

आमची टाकी 4 मीटर लांब आणि 2 मीटर रुंद आहे, पाणी दीड मीटर खोल असते. म्हणजे 12 घनमीटर, अर्थात 12,000 लिटर. साठ मुलांच्या वापराने दोन वर्षांत तळाशी सुमारे अर्धा मीटर गाळ जमतो, म्हणजे बरोबर एक तृतीयांश. म्हणून आम्ही दर दोन वर्षांनी मे महिन्यात टाकी उपसतो. 4,000 लिटरच्या गाडीला तीन खेपा लागतात. मे महिनाच का? मुले सुट्टीवर असतात, रस्ता कोरडा असतो आणि जमिनीतले पाणी खाली गेलेले असते. पावसाळ्यात जमीन पाण्याने भरलेली असताना रिकामी टाकी, विशेषतः प्लास्टिकची, खालच्या पाण्याच्या दाबाने वर उचलली जाऊ शकते.

गाळ मोजायला लांब काठीच्या टोकाला जुना पांढरा टॉवेल गुंडाळावा. काठी हळूच तळापर्यंत सोडावी, थोडे थांबावे आणि सरळ वर काढावी. गाळ जिथपर्यंत आहे तिथपर्यंत टॉवेल काळा होतो. झाकण उघडून बराच वेळ हवा खेळू द्यावी. तोंडावर वाकू नये, मुलांना दूर ठेवावे, बिडी-काडी जवळ आणू नये, आणि हे काम कधीही एकट्याने करू नये.

उपसल्यानंतर टाकी फिनाईल किंवा ॲसिडने धुऊ नये. त्याने उपयोगी जिवाणू मरतात. तळाशी थोडा गाळ राहिला तरी चालतो, त्यानेच पुढचे काम सुरू होते. टाकीत टाकण्याच्या पावडरी उपसणीची जागा घेऊ शकत नाहीत. संडासात कापड, सॅनिटरी पॅड, प्लास्टिक, राख आणि तळणाचे तेल टाकू नये. आमच्या मुलींच्या संडासात आता झाकणाचा डबा ठेवला आहे. एवढ्या साध्या उपायाने पाइप तुंबण्याचे प्रकार जवळजवळ थांबले.

माणूस आत का उतरवू नये

कुजणाऱ्या मैल्यातून हायड्रोजन सल्फाइड आणि मिथेन हे वायू निघतात. हायड्रोजन सल्फाइडला थोड्या प्रमाणात सडक्या अंड्याचा वास येतो. प्रमाण वाढले, की नाकाची वास घेण्याची शक्तीच जाते. म्हणून ‘आता वास येत नाही, म्हणजे वायू गेला’ हा समज जीवघेणा आहे. बसलेला गाळ फावड्याने हलवला, की त्यात अडकलेला वायू एकदम बाहेर पडतो आणि माणूस काही क्षणांत बेशुद्ध होतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, दुसऱ्यासाठी तिसरा. एकाच टाकीत दोन-तीन माणसे गेल्याच्या बातम्या आपण वाचतो, त्यामागचे कारण हेच आहे. कंदील किंवा मेणबत्ती आत सोडून पाहण्याची जुनी रीतही घातक आहे. मिथेन पेट घेतो, आणि ज्योत जळत राहिली म्हणून विषारी वायू नाही असे मुळीच नाही.

कायदाही स्पष्ट आहे. हाताने मैला साफ करण्यास प्रतिबंध करणारा 2013 चा कायदा सुरक्षेच्या साधनांशिवाय गटारात किंवा सेप्टिक टाकीत माणूस उतरवण्यास मनाई करतो. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. हा नियम फक्त नगरपालिकेसाठी नाही. घरमालक, दुकानदार आणि संस्था यांनाही तो लागू आहे, म्हणजे आपल्या मंडळ्यांनाही. सफाई कर्मचारी आंदोलनाच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 2014 साली अशा मृत्यूबद्दल कुटुंबाला दहा लाख रुपये भरपाई ठरवली. ऑक्टोबर 2023 मध्ये न्यायालयाने ती तीस लाख केली.

पण कायद्याच्याही आधी मला एक गोष्ट सांगायची आहे. आत उतरायला माणूस लागतो, कारण आपण उशीर केलेला असतो. वेळेवर उपसलेल्या टाकीतला गाळ पातळ असतो, पाइप तो बाहेरूनच ओढून घेतो. नऊ वर्षे बसलेला गाळ पाइपला दाद देत नाही, आणि मग नजर वळते ती नाक्यावर मजुरीसाठी उभ्या असलेल्या माणसाकडे. तो बहुधा दलित किंवा आदिवासी घरातला असतो. आपली दिरंगाई त्याच्या जिवावर बेतते.

गावाने ठरवले तर

सातारा जिल्ह्यातल्या वाई नगरपरिषदेने तक्रार येण्याची वाट न पाहता, शहरातल्या टाक्या दर तीन वर्षांनी क्रमवार उपसण्याची पद्धत सुरू केली. नाशिक जिल्ह्यात सिन्नरनेही तोच मार्ग धरला. उपसलेला मैला नाल्यात न ओतता प्रक्रिया केंद्रात नेला जातो. आपणही गाडीवाल्याला हा प्रश्न जरूर विचारावा: “हे कुठे रिकामे करणार?” ओढ्यात ओतलेला मैला खालच्या पाड्याच्या पाण्यात जातो.

आमच्या अनेक पाड्यांवर गाडी जाईल असा रस्ताच नाही. तिथे सेप्टिक टाकी बांधून देणे म्हणजे पुढच्या अडचणीची सोय करून ठेवणे. अशा ठिकाणी दोन शोषखड्ड्यांचा संडास बरा. एका वेळी एकच खड्डा वापरायचा. तो भरला की मधल्या चेंबरमधून वाट बदलून दुसरा सुरू करायचा. पहिला दीड-दोन वर्षे बंद ठेवला, की त्यातल्या मैल्याचे कोरडे, वास नसलेले खत होते. खड्डे विहिरीपासून किंवा हातपंपापासून किमान 15 मीटर दूर असावेत, खडकाळ जमिनीत त्याहूनही दूर. ज्यांना पाड्यावर संडासासाठी देणगी द्यायची आहे, त्यांनी कृपया हे लक्षात घ्यावे.

एक विनंती

अनुवादाच्या 22 व्या अध्यायात, नवे घर बांधणाऱ्याने छताला कठडा करावा, नाहीतर कोणी पडल्यास त्याच्या रक्ताचा दोष घरावर येईल, अशी आज्ञा आहे. आमच्या कार्यालयाच्या भिंतीवर आता टाकी उपसण्याची तारीख लिहिलेली असते. मला तो आमच्या वसतिगृहाचा कठडा वाटतो.

आपल्या घरी, दुकानात आणि मंडळीच्या आवारात अशी एक तारीख लिहून ठेवा. पंचकमिटीच्या पुढच्या सभेत विचारा, “आपली टाकी शेवटी कधी उपसली?” उत्तर मिळाले नाही, तर पावसाआधी गाडी बोलवा. आणि देणगी पाठवताना कधीतरी ‘देखभालीसाठी’ असा शब्द लिहा. नव्या वस्तूसाठी पैसे मिळतात, पण जुन्या वस्तू नीट चालवण्यासाठी मिळणे कठीण जाते.

त्या दिवशी टाकीशेजारी उभे असलेले ते वडील आजही मुलाला भेटायला येतात. मुलगा आता दहावीत आहे. त्याच्यासाठी आणि परीक्षेला बसणाऱ्या सर्व मुलांसाठी प्रार्थनेत आठवण ठेवा.

प्रभूच्या सेवेत आपला,
वसतिगृह अधीक्षक