२० पानं की १४? आधी पक्कं मोजा!

उद्योजक मित्रांनो, आजचा धडा पॉट-लिमिट ओमाहा पोकरमधला. जुगार नको, हिशोब घ्या. इथे हातात चार पानं. त्यातली नेमकी दोन आणि टेबलावरची तीन मिळून डाव बनतो.

समजा, तुमच्याकडे गुलाम, दश्शी, सत्ती, छक्की. टेबलावर नव्वी, अठ्ठी, दुर्री, तिन्ही वेगळ्या रंगांची. न दिसलेल्या ४५ पानांपैकी २० पानांवर तुमचा सिक्वेन्स लागतो. भारी ना? थांबा. गुलाम किंवा दश्शी आली, तर राणी धरून बसलेला तुमच्यावर मात करू शकतो. ही ६ पानं वजा करा. पक्की उरली १४.

पॉटमध्ये १,००० आहेत, समोरच्याने आणखी १,००० लावले. तुम्ही १,००० टाकले की पॉट ३,०००, म्हणजे किमान ३३ टक्के संधी हवी. पुढच्या एका पानावर २० धरली तर ४४ टक्के. १४ धरली तर ३१. निर्णयच बदलला! आता पान लागल्यावर समोरचा आणखी पैसे देईल का, हे बघूनच पुढे जा.

धंद्यातही तेच. ‘बघू, कळवतो’ ही ऑर्डर नव्हे. ॲडव्हान्स देणारे मोजा, मगच माल भरा. तुमच्या यादीत असे पक्के किती? आजच वहीत लिहा.