पाच नद्या ओलांडून तिरुवैयारुला

मुंबईहून चेन्नईला निघालेली गाडी सोलापूर सोडते आणि स्थानकांच्या पाट्या अनोळखी होऊ लागतात. रायचूरला कन्नड, गुंटकलला तेलुगू, अरक्कोणमला तमिळ. सुमारे १२८० किलोमीटरच्या या प्रवासात लिपी तीनदा बदलते. चहावाल्याच्या आरोळीची जागा 'काप्पी, काप्पी' घेते. ‘कुठे उतरणार?’ हा प्रश्न शेजारी आता हातवारे करूनच विचारतात.

चेन्नईहून दुसरी गाडी पकडून कुंभकोणममार्गे भातशेतीतून तंजावरला उतरेपर्यंत आपण अगदी परक्या मुलखात आल्याची खात्री पटते. आणि तिथल्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर चक्क देवनागरीतील मराठी मजकूर दिसतो! दुसऱ्या सरफोजी राजांनी १८०३ मध्ये कोरवून घेतलेला हा भोसले घराण्याचा इतिहास. एकोजीराजांपासून १८५५ पर्यंत या घराण्याने येथे राज्य केले.

तिरुवैयारु येथून अवघे १३ किलोमीटर. पण तेथे रेल्वे नाही, बसनेच जावे लागते. 'तिरु' म्हणजे श्री, 'ऐ' म्हणजे पाच, 'आरु' म्हणजे नदी. वाटेत खरोखरच पाच नद्या लागतात; शेवटची कावेरी. तिच्या काठी संत त्यागराजांची समाधी आहे.

मराठी पर्यटकाने अभिमान मात्र येथे जरा आवरता घ्यावा. सरफोजी राजांनी त्यागराजांना दरबारात गाण्यासाठी बोलावले, धनही देऊ केले. ते त्यांनी नाकारले. संतापलेल्या थोरल्या भावाने त्यांच्या पूजेतील राममूर्ती कावेरीत फेकून दिल्या, असे आख्यायिका सांगते. तमिळ मुलखात, मराठी राजाच्या अमलात राहून या माणसाने रचना केल्या त्या मुख्यतः तेलुगूत.

त्यागराज १८४७ मध्ये निवर्तले. दुर्लक्षित समाधीवर मंदिर बांधले ते १९२० च्या दशकात, बंगळूर नागरत्नम्मा या देवदासी गायिकेने, स्वतःची मिळकत खर्चून. गंमत अशी की आराधनेत बायकांना गाण्याचीच बंदी होती! त्यांनी बायकांची वेगळी आराधना सुरू केली. पुढे १९४० च्या सुमारास सारे गट एकत्र आले. आज पौष वद्य पंचमीला, बहुधा जानेवारीत, शेकडो गायक-गायिका एका सुरात पंचरत्न कृती गातात. तेव्हा जायचे असेल तर रेल्वेचे आरक्षण आधीच करावे आणि मुक्काम तंजावरला ठेवावा.

समाधीसमोर नागरत्नम्मांची बसलेली मूर्ती आहे. ती पाहिल्याशिवाय परतू नये.