सायकलीचं कवच

१८ नोव्हेंबर १९३३ रोजी पॅरिसजवळच्या माँतलेरीच्या शर्यतपट्टीवर मार्सेल बेर्ते यानं एका तासात ४९.९९२ किलोमीटर सायकल चालवली. पन्नासला आठ मीटर कमी. बेर्तेची तेव्हा चाळिशी उलटून गेली होती. वीस वर्षांपूर्वी ऐन उमेदीत, साध्या सायकलवर, त्याची मजल ४३.७७५ किलोमीटरपर्यंत गेली होती. या वयात पायांतलं बळ वाढत नाही. सगळी करामत होती ‘वेलोदीन’ची, म्हणजे सायकल आणि स्वार दोघांनाही पोटात घेणाऱ्या, विमानाच्या धडासारख्या गुळगुळीत कवचाची. आखणारा मार्सेल रिफार हाही विमानांचाच अभियंता.

या कवचाला फेअरिंग म्हणतात. मोटरसायकलवर ते सर्रास दिसतं, सायकलवर जवळपास कुठेच नाही. याचं खापर हौशी मंडळी ठरल्याप्रमाणे एकाच डोक्यावर फोडतात: आंतरराष्ट्रीय सायकल संघटना, यूसीआय. त्यांच्या तक्रारीत तथ्य आहे. १९१२-१३च्या सुमारास एत्येन ब्युनो-वारिया या तरुण फ्रेंच वैमानिकानं सायकलवर चढवायच्या कवचाचं पेटंट घेतलं, बेर्तेनं ते चढवून वेगाचे उच्चांक मोडले, आणि १९१४मध्ये संघटनेनं वारा कापणाऱ्या साधनांवर बंदी घातली. पुढे १९३३च्या जुलैत फ्रान्सिस फोर या दुय्यम फळीतल्या स्वारानं शार्ल मोशेनं बनवलेल्या आडव्या बैठकीच्या सायकलवर तासाला ४५.०५५ किलोमीटर काढले. त्या सायकलला कवच वगैरे काही नव्हतं, स्वार फक्त पाठीवर रेलून बसलेला. पुढच्या वर्षी संघटनेनं सायकलची व्याख्याच अशी बांधली की ही बैठक बाद झाली. अधिकृत विक्रम म्हणून उरला तो मॉरिस रिशारचा, फोरपेक्षा कमी, ४४.७७७ किलोमीटरचा. १९३९मध्ये फोरनं कवच चढवून पन्नासचा उंबरठा ओलांडलाच, ५०.५३७, पण तोवर शर्यतीच्या जगाचं त्याच्याकडे लक्ष राहिलं नव्हतं.

एवढं खरं असूनही, बंदी नसती तर आज घरोघरी कवचाच्या सायकली दिसल्या असत्या, हे मला पटत नाही. दूधवाल्याला, शाळकरी मुलीला, कारखान्यात पाळीला जाणाऱ्या कामगाराला यूसीआयनं कधी अडवलं होतं?

आधी कवचाची बाजू. सपाट रस्त्यावर ताशी १५ किलोमीटरनं ताठ बसून चाललेल्या माणसाला वारा ढकलायला वीस-पंचवीस वॅट लागतात. वेग दुप्पट केला की तोच खर्च आठपट होतो आणि दोनशेच्या घरात जातो, कारण ही शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. ताशी ३० किलोमीटरच्या पुढे स्वाराची बहुतेक कमाई वाराच खातो, आणि त्यातही सायकलीपेक्षा स्वाराचं अंग जास्त आडवं येतं. म्हणून नुसती सायकल बारीक करून भागत नाही, माणसाला झाकावं लागतं.

कसं झाकायचं याबद्दल आपला अंदाज हमखास चुकतो. वाटतं की टोक पुढे हवं. या वेगांना नाक बोथट असलं तरी चालतं. खरा घोटाळा मागे होतो. स्वाराच्या पाठीमागून सुटलेला वारा पुन्हा नीट जुळत नाही, तिथे कमी दाबाची पोकळी होते आणि ती सायकलला मागे खेचत राहते. त्यामुळे लांब निमुळती शेपटी मोलाची. हँडलसमोर पारदर्शक काच लावणाऱ्यांना थंडीत हात उबदार राहण्याचा आणि पावसाचा मारा चुकण्याचा फायदा नक्की मिळतो, वेग मात्र किरकोळच वाढतो.

पूर्ण कवच काय करू शकतं, हे अमेरिकेतल्या नेवाडा राज्यातल्या बॅटल माउंटन गावाबाहेर दिसतं. तिथल्या सपाट सरळ हमरस्त्यावर २०१६मध्ये टॉड रायकर्ट या कॅनेडियन स्वारानं ‘ईटा’ या सायकलवर दोनशे मीटरच्या टप्प्यात ताशी १४४.१७ किलोमीटरचा वेग गाठला. पायांच्या जोरावर. ‘ईटा’ला खिडकी नाही, काचेच्या सांध्यानं वारा विस्कटतो, म्हणून स्वार कॅमेऱ्यातून रस्ता बघतो. निघताना दुसऱ्यानं त्याला आत बंद करायचं, सायकल धरून ढकलायची. थांबताना कुणीतरी पकडायची, कारण पाय टेकायला जागाच नाही. वेगाचं वेड असावं तर असं! पण या वाहनानं भाजी आणता येत नाही.

भाजी आणता येईल अशी कवचाची सायकल म्हणजे वेलोमोबाइल. पुढे दोन चाकं, मागे एक, आत जवळजवळ झोपलेला स्वार आणि भोवती फायबरचं किंवा कार्बनचं धड. तिचं माहेर नेदरलँड्समधलं ड्रॉन्टन. समुद्र मागे हटवून काढलेल्या जमिनीवरचं हे गाव. चढ नावाला नाही, रस्ते सरळसोट आणि वारा बारमाही. ‘क्वेस्ट’ हे तिथलं नावाजलेलं मॉडेल. अशा चांगल्या गाडीत बसून दीडशे वॅटच्या आसपास, म्हणजे धडधाकट माणसाला तासभर झेपेल एवढ्या जोरावर, सपाटीला ताशी ४० किलोमीटर निघतात. ताठ बैठकीच्या सायकलवर त्याच वेगाला साडेचारशेच्या पुढे वॅट लागतील, जे बहुतेकांना काही मिनिटंही जमत नाहीत. शिवाय पावसात कपडे कोरडे, चेन आतच असल्यानं तिच्यावर चिखल नाही, सामान पाठीमागे, आणि धडकेत अंगाआधी कवच. तीस किलोमीटरवर कामाला जाणाऱ्यासाठी ही मोठी सोय आहे.

आता दुसरी बाजू. उन्हाळ्यात पहिला त्रास उकाड्याचा. पॅडलवर दीडशे वॅट पोचवायला शरीर त्याच्या तिप्पट उष्णता बाहेर टाकतं; उघड्या सायकलवर वारा ती घेऊन जातो, कवचात ती आपल्याबरोबरच प्रवास करते. हवेसाठी भोकं ठेवावीत तर वाऱ्याची बचत कमी. आवाजाचंही तसंच: खडबडीत रस्त्यावर धड ढोलासारखं वाजतं. चढाला मात्र कवचाची खरी परीक्षा. रेसिंग सायकल आठ किलोची, वेलोमोबाइल पंचवीस-तीस किलोची. चढावर वेग इतका उतरतो की वाऱ्याची बचत शून्यावर येते आणि वजन तेवढं उरतं. उतारावर उलटी भीती. सायकलस्वाराचा फुकटचा ब्रेक म्हणजे वारा. तो गेला की गाडी बघता बघता ऐंशीच्या पलीकडे जाते, आणि लांब उतारावर चाकांतले ड्रम ब्रेक तापून ढिले पडतात.

आडवा वारा सगळ्यांत दगाबाज. धडाची बाजू रुंद आणि वाऱ्याच्या दाबाचा मध्य बहुधा गाडीच्या गुरुत्वमध्याच्या पुढे. त्यामुळे झोत आला की नाक वाऱ्यापासून दूर वळतं. सतत वाहणारा वारा सांभाळता येतो. दोन इमारतींमधल्या फटीतून किंवा ट्रक निघून गेल्यावर अचानक येणारा झटका सांभाळणं कठीण. तीन चाकांवर निदान पडायची भीती कमी. दोन चाकांवर पूर्ण कवच घालून वाहत्या रस्त्यावर जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. त्यात वेलोमोबाइल इतकी बुटकी की मोटारवाल्याच्या नजरेत यावी म्हणून अनेकजण तिच्यावर काठी लावून झेंडा फडकवतात.

या सगळ्यांपेक्षा मोठं कारण मला वाटतं ते साधं आहे: थांबणं. शहरात सिग्नल, वळण, पादचारी, दुकान. दर थांब्याला तीस किलोची गाडी पुन्हा वेगात आणायची आणि वीसचा काटा ओलांडेपर्यंत पुढचा सिग्नल समोर उभा. साध्या सायकलवर एक पाय टेकला की थांबलो, भिंतीला टेकवली की लागली, उचलली की जिना चढली. वेलोमोबाइल जवळपास तीन मीटर लांब. तिला जमिनीलगतची खोली हवी. तिचं माहेर असलेल्या देशातही बहुसंख्य लोक ताठ बसून जडशा सायकलीच चालवतात, त्या काही कुणाच्या बंदीमुळे नव्हे.

अलीकडे वेलोमोबाइलला विजेच्या मोटरची जोड मिळू लागली आहे, आणि ही जोडी चपखल आहे. युरोपच्या नियमाप्रमाणे २५० वॅटची साहाय्यक मोटर ताशी २५ किलोमीटरला मदत थांबवते. म्हणजे सुटताना आणि चढाला, जिथे कवच निरुपयोगी तिथे मोटर. २५च्या पुढे, जिथे मोटर गप्प बसते तिथे कवच. वजनात काही किलोंची भर पडते, सपाटीला ती जाणवत नाही. जाणवते ती किंमत. मोटर नसलेली नवी चांगली वेलोमोबाइलसुद्धा काही हजार युरोंना पडते. तेवढ्यात जुनी मोटार येते, आणि तिच्यात बायकोमुलांनाही बसता येतं.