कोरड्या मुलखातली ओली वाळू

जमिनीचा पोत शिकवताना आपण वर्गात एक वाक्य हमखास सांगतो: वालुकामय जमिनीत पाणी टिकत नाही, चिकणमातीत टिकते. वाक्य बरोबर आहे. पण त्यावरून विद्यार्थी आपोआप पुढचा निष्कर्ष काढतात, की कमी पावसाच्या प्रदेशात वालुकामय जमीन सर्वांत कोरडी आणि सर्वांत उजाड असणार. हा निष्कर्ष मात्र तपासून घ्यायला हवा. कारण पुष्कळ ठिकाणी नेमके उलटे दिसते.

उदाहरणादाखल अमेरिकेतील कॅन्सस राज्याचा नैर्ऋत्य कोपरा घेऊ. हा निमशुष्क गवताळ प्रदेश आहे. वर्षाचा पाऊस साडेचारशे मिलिमीटरच्या आसपास, वारा जवळजवळ अखंड आणि झाडे अगदी विरळ. या प्रदेशातून सिमॅरॉन नावाची नदी वाहते. वाहते म्हणायचे एवढेच, कारण वर्षातील बराच काळ तिचे पात्र कोरडे असते. नदीपासून दूर, उंचावरील बारीक पोताच्या जमिनीवर ब्लू ग्रामा आणि बफेलो ग्रास ही जेमतेम वीतभर वाढणारी गवते आहेत. नदीकाठच्या वाळूत मात्र सँड ब्लूस्टेम, स्विचग्रास यांसारखी कमरेच्याही वर जाणारी गवते उभी राहतात, आणि कॉटनवुडचे उंच वृक्षही तिथेच आढळतात. पाऊस दोन्हीकडे सारखाच. मग हा फरक कशामुळे?

पाणी किती आणि कोठे?

वाळूचा कण २ ते ०.०५ मिलिमीटर व्यासाचा असतो, तर चिकणमातीचा कण ०.००२ मिलिमीटरपेक्षाही बारीक. कण मोठे म्हणजे त्यांच्यामधील पोकळ्याही मोठ्या, आणि मोठ्या पोकळीत पाणी सैल धरले जाते. म्हणून एक मीटर खोलीच्या वाळूत वनस्पतींना मिळू शकेल असे पाणी साधारण ६० ते ८० मिलिमीटर एवढेच मावते. चिकण पोयट्यात ते दुपटीहून अधिक असते.

आता समजा, उन्हाळ्यात २० मिलिमीटरची एक सर आली. चिकण जमिनीत हे पाणी वरच्या १० ते १२ सेंटिमीटरमध्येच सामावून जाते. वाळूत प्रत्येक थर थोडेच पाणी धरतो, त्यामुळे तेच पाणी २५ ते ३० सेंटिमीटरपर्यंत खाली उतरते. दुसऱ्या दिवसापासून ऊन आणि वारा आपले काम सुरू करतात. त्यांचा जोर मुख्यत्वे वरच्या काही सेंटिमीटरवर चालतो. चिकणमातीतील सगळे पाणी नेमके याच टापूत असते. शिवाय तिच्यातील केशनलिकांमधून खालचे पाणी वर चढत राहते आणि उडून जाते. वाळूचा वरचा थर मात्र लवकर सुकतो. मोठ्या पोकळ्यांमुळे पाण्याचा धागा तुटतो, आणि तो सुकलेला थरच खालच्या ओलाव्यावर झाकणासारखा बसतो.

याचा अर्थ असा, की वाळूची कोठी लहान असली तरी तिचे दार उन्हापासून दूर आहे. जिथे पाऊस भरपूर तिथे मोठी कोठी फायद्याची. जिथे पाऊस इतका थोडा, की मोठी कोठी कधी भरतच नाही, तिथे गळती कोणाची कमी हे महत्त्वाचे ठरते. इस्रायली परिसरशास्त्रज्ञ इमॅन्युएल नोय-मीर यांनी १९७३ साली हा विचार नेमकेपणाने मांडला. १९८८ मध्ये ओस्वाल्डो साला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेच्या मध्यवर्ती गवताळ पट्ट्यातील नऊ हजारांहून अधिक ठिकाणांची माहिती तपासली. वार्षिक पाऊस ३७० मिलिमीटरच्या खाली गेला, की कमी पाणी धरणाऱ्या वालुकामय जमिनींवरच गवताचे उत्पादन जास्त भरते, असे त्यांना आढळले.

सिमॅरॉनकाठचा पाऊस या सीमेच्या थोडा वर आहे. म्हणजे तिथल्या उंच गवताचे सगळे श्रेय या एका कारणाला देता येणार नाही. पूरमैदानाला आणखी एक आधार असतो, तो भूजलाचा. पात्र वरून कोरडे दिसले तरी वाळूखाली पाणी फार खोल नसते. आपल्याकडेही नदी आटल्यावर पात्रातील वाळूत झिरा खणून पाणी काढतात आणि त्याच वाळूत कलिंगडाच्या वाड्या पिकवतात. खोल मुळांचे गवत आणि कॉटनवुड हे एका अर्थी झिरा खणण्याचेच काम करतात.

थरांची वही

पूरमैदानातील वाळू एकसंध नसते. मोठ्या पुराचा वेगवान प्रवाह जाड वाळू टाकतो. पूर ओसरताना संथ झालेल्या पाण्यातून बारीक गाळ खाली बसतो. पुढच्या पुरात पुन्हा वाळू. जमिनीत खड्डा घेतला तर हे थर वहीच्या पानांसारखे दिसतात.

या थरांचा ओलाव्यावर मोठा परिणाम होतो. बारीक गाळाखाली जाड वाळू असेल, तर पाणी लगेच झिरपून जाईल असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात ते सीमेवर अडते. बारीक कणांमधील चिंचोळ्या पोकळ्या पाणी घट्ट धरून ठेवतात, खालच्या वाळूची ओढ त्यापुढे फिकी पडते. वरचा थर जवळजवळ पूर्ण भरल्याशिवाय पाणी खाली उतरत नाही.

साधारण जमिनीत सेंद्रिय कर्ब वरच्या थरात सर्वाधिक असतो आणि खाली जाताना हळूहळू कमी होतो. पूरमैदानात तो मध्येच कमी, मध्येच जास्त होतो. खोलवर एखादा काळसर पट्टा सापडला, तर तो कधीकाळी जमिनीचा पृष्ठभाग होता, त्यावर गवत वाढले होते आणि नंतरच्या पुराने त्याला पुरून टाकले, असे समजावे. मृदांच्या वर्गीकरणात नदीच्या गाळाच्या तरुण जमिनी ओळखण्याची ही एक खूणच आहे.

या जमिनींचे दुबळेपणही लपवायला नको. वाळूच्या कणांवर अन्नद्रव्ये चिकटून राहायला जागा कमी असते, त्यामुळे ती पाण्याबरोबर सहज खाली निघून जातात. कण एकमेकांना धरून ठेवत नाहीत, म्हणून उघडी पडलेली वाळू वाऱ्याने उडते आणि पाण्याने वाहते. कणांना धरून ठेवणारी गोष्ट एकच: मुळे.

मोडलेली आणि पुन्हा बांधलेली जमीन

मुळांचे हे काम किती मोलाचे आहे, हे सिमॅरॉननेच दाखवून दिले. १८७४ साली नैर्ऋत्य कॅन्ससमध्ये या नदीच्या पात्राची सरासरी रुंदी होती अवघी ५० फूट, म्हणजे १५ मीटर. १९१४ साली मोठा पूर आला आणि काठ तुटायला सुरुवात झाली. पुढे कोरडी वर्षे आणि अधूनमधून येणारे मोठे पूर यांनी काठ खचतच गेले. १९३०च्या दशकात याच भागात नांगरलेली जमीन दुष्काळात उघडी पडून धुळीची प्रचंड वादळे उठली. १९४०च्या सुमारास नदीचे पात्र सरासरी १२०० फूट, म्हणजे सुमारे ३६५ मीटर रुंद झाले होते. जुने पूरमैदान जवळजवळ नाहीसे झाले.

पण कहाणी इथे संपत नाही. १९४२ नंतर काही वर्षे चांगला पाऊस झाला आणि मोठे पूर आले नाहीत. पात्रातील ओल्या वाळूवर गवत आणि रोपटी रुजली. त्यांनी पाण्याचा वेग अडवला, अडलेल्या पाण्याने वाळू व गाळ टाकला, त्यावर आणखी गवत आले. १९५४ पर्यंत पात्र निम्म्याच्या आसपास अरुंद झाले होते. स्टॅनली शूम आणि रॉबर्ट लिच्टी या भूशास्त्रज्ञांनी १९६३ साली हा सगळा बदल नोंदवून ठेवला. डोंगर घडायला लाखो वर्षे लागतात, पण ही जमीन एका माणसाच्या आयुष्यात मोडली आणि पुन्हा बांधली गेली!

धुळीच्या वादळांनंतर सरकारने तेथील बरीच उजाड शेते विकत घेऊन त्यांवर पुन्हा गवत लावले. आज तिथे सुमारे ४४ हजार हेक्टरांचे सिमॅरॉन राष्ट्रीय गवताळ क्षेत्र आहे. तरीही धोका टळलेला नाही. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सिंचनासाठी भूजलाचा प्रचंड उपसा झाला आणि नैर्ऋत्य कॅन्ससमध्ये अनेक ठिकाणी पाण्याची पातळी ३० मीटरहून अधिक खाली गेली. नदीचा प्रवाह रोडावला. वाळूच्या दोन आधारांपैकी भूजलाचा आधार असा हातचा जात असेल, तर उरतो फक्त पावसाचा थोडा ओलावा आणि तो जपणारे गवत. ते गवतही चरून संपले किंवा नांगराखाली गेले, तर पुढचा पूर कोणाला विचारून येणार नाही.

वर्गात करून पाहा

सारख्या आकाराच्या तीन उंच पारदर्शक बाटल्या घ्या व त्यांचे वरचे तोंड कापून टाका. पहिलीत सुकी वाळू, दुसरीत चाळलेली सुकी काळी माती आणि तिसरीत खाली जाड वाळू व वर चार बोटे बारीक माती भरा. पहिल्या दोन बाटल्यांत १० मिलिमीटर उंचीचे पाणी सावकाश घाला आणि ओल किती खोल गेली ते पट्टीने मोजा. नंतर दोन्ही बाटल्या उन्हात ठेवून रोज वजन करा. सुरुवातीला दोन्हींची घट जवळजवळ सारखी असेल, मग वाळूची घट आधी मंदावेल. तिसऱ्या बाटलीत पाणी थोडे थोडे घाला आणि ओल वाळूच्या सीमेवर कशी थबकते ते विद्यार्थ्यांना पाहू द्या.

प्रयोग झाल्यावर त्यांना एक प्रश्न विचारा: चांगली जमीन कोणती? 'चिकणमातीची' किंवा 'वाळूची' असे उत्तर कोणी दिले, तर घाई न करता उलट विचारा: पाऊस किती पडतो? पाणी किती खोलीवर आहे? आणि तिच्यावर गवत आहे की नाही?