श्रेष्ठ संगीत कोणत्या देशाचे?

संगीतावरील व्याख्यान संपले, की श्रोत्यांकडून ज्या चिठ्ठ्या येतात त्यांत एक प्रश्न हमखास असतो: जगात सर्वांत श्रेष्ठ संगीत कोणत्या देशाचे? वक्ता हसतो, घड्याळाकडे पाहतो आणि दोनपैकी एक उत्तर देतो. एक, सामवेदापासून चालत आलेले आपलेच श्रेष्ठ. दुसरे, बाख आणि बेथोव्हेन यांच्या जर्मनीस तोड नाही. पहिले उत्तर देणाऱ्याने बहुधा बेथोव्हेन ऐकलेला नसतो आणि दुसरे देणाऱ्याने मैफलीत रात्र जागवलेली नसते. टाळ्या मात्र दोघांसही पडतात.

परंतु हा प्रश्न टाळ्यांवर न सोडता मोजमापाने सोडवावा असे वाटणारी दोन माणसे आपल्याच मुलखात होऊन गेली, हे थोड्यांस ठाऊक असते. एक सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि दुसरे अर्नेस्ट क्लेमंट्स हे सनदी नोकरीतील इंग्रज न्यायाधीश. देवलांनी १९०८ साली पौर्वात्य व पाश्चात्य संगीताची तुलना करणारे एक पुस्तक इंग्रजीत लिहिले आणि १९१० मध्ये हिंदू स्वरसप्तक व बावीस श्रुती यांवरचे आपले मुख्य पुस्तक पुण्यास छापले. पुढच्याच वर्षी या दोघांच्या खटपटीने साताऱ्यास 'फिलहार्मोनिक सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया' ही संस्था निघाली. साताऱ्यासारख्या गावी, पोवाड्याच्या आणि ढोलकीच्या मुलखात, स्वरांची गणिते मांडणारी मंडळी जमत होती, हे चित्र आम्हांस फार मौजेचे वाटते.

मौजेचे खरे, पण त्यामागची कळकळ साधी नव्हती. त्या काळी पुष्कळ युरोपीय लेखकांचे म्हणणे असे, की हिंदी गवयाचे स्वर बेसूर असतात, आणि ज्या संगीतात अनेक स्वर एकत्र वाजवून सुसंवाद साधण्याची कला नाही ते बाल्यावस्थेतील संगीत होय. राज्य गेले होते. विद्याही कनिष्ठ ठरू लागली होती. देवलांनी या आक्षेपास देशाभिमानाचे भाषण करून उत्तर दिले नाही. त्यांनी तारेची लांबी मोजली. मिरजेस वास्तव्य करून असलेले अब्दुल करीम खाँ यांच्यासारख्या अत्यंत सुरेल गवयाच्या गाण्याचा त्यांना या कामी उपयोग झाला. विज्ञान हे ज्याचे शस्त्र, त्याच्याशी त्याच शस्त्राने लढावयाचे, असा हा बाणा होता.

आता त्यांचे म्हणणे काय होते ते पाहू. थोडे गणित येईल, पण बाजारहाटापलीकडचे नाही.

षड्जाची तार सेकंदास २४० वेळा कंप पावते असे धरा. तार नुसती अखंडच हलते असे नाही. ती आपल्या निम्म्यात, तिसऱ्या हिश्शात, चौथ्या हिश्शात, पाचव्या हिश्शातही एकाच वेळी हलत असते. तिसऱ्या हिश्शातून पंचमाचा स्वर निघतो आणि पाचव्यातून गंधाराचा. तंबोऱ्याची खर्जाची तार शांतपणे छेडली तर तिच्यातून गंधार आपसूक ऐकू येतो, तो असा. कोणी गंधाराची तार लावलेली नसते. खर्जच तो गात असतो. हा गंधार सप्तकात खाली आणला की त्याचे षड्जाशी प्रमाण पाचास चार असे येते, म्हणजे ३०० कंप. पंचम येतो ३६०. आता पेटीवरचा गंधार पाहा. पेटीच्या सप्तकाचे बारा अगदी सारखे भाग पाडलेले असतात. त्या हिशेबाने गंधार ३०० न येता जवळजवळ ३०२.४ येतो. फरक दिसावयास क्षुल्लक आहे. पण तंबोऱ्याचा गंधार आणि पेटीचा गंधार एकदम वाजवले, तर सेकंदाला दोनअडीच वेळा आवाज लहानमोठा होत हेलकावे खातो, आणि शांत खोलीत हे हेलकावे साध्या कानास कळतात. देवलांचा प्रतिपक्षास उलट सवाल हाच: बेसूर कोण? गवई, की त्याला बेसूर म्हणणाऱ्याचा पियानो?

सवाल बिनतोड होता. पण युरोपने हा किंचित खोटा गंधार का पत्करला, हे समजून घेतल्याशिवाय न्याय पुरा होत नाही. शुद्ध पंचमावर शुद्ध पंचम असे बारा वेळा चढत गेले, तर माणूस सात सप्तके चढून मूळ षड्जावर यावा. पण तो थोडासा पुढे निघून जातो. १२८ पट व्हावे तेथे १२९.७ पट होते. ही निसर्गाचीच गाठ आहे. आपण एकदा षड्ज धरला की मैफल संपेपर्यंत सोडत नाही, म्हणून आपल्याला या गाठीचा त्रास होत नाही. युरोपच्या संगीतकाराला मात्र एकाच रचनेत षड्ज हलवावयाचा असतो, या घरातून त्या घरात जावयाचे असते, आणि चार माणसांनी चार निराळ्या चाली एकदम गाव्यात तरी त्यांचा मेळ राहावा अशी त्याची इच्छा असते. म्हणून त्याने ती गाठ सर्व स्वरांत थोडीथोडी वाटून टाकली. बाखने चोवीसही स्वरघरांतून फिरणारा आपला प्रसिद्ध संग्रह १७२२ मध्ये सिद्ध केला, तो अशा तडजोडीने लावलेल्या वाद्याच्या जोरावरच. त्यांनी गंधाराची शुद्धता देऊन सुसंवाद विकत घेतला. आपण सुसंवादावर पाणी सोडून रागाची बारीक कलाकुसर राखली. दोघांनीही किंमत मोजली आहे. ज्याने रात्री उशिरा रंगलेला दरबारी ऐकला आहे त्याला आपला व्यवहार तोट्याचा वाटणार नाही; पण बाखचे चार आवाज एकमेकांस न अडखळता चालताना ज्याने एकदा ऐकले, तो त्या संगीतास भावशून्य गोंगाट म्हणण्यास धजणार नाही.

देवल आणि क्लेमंट्स येथेच थांबते तर बरे होते, असे आमचे मत आहे. मोजमापाचा मोह असा, की तो थांबू देत नाही. बावीस श्रुतींची संख्या भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात आलेली आहे. तिला या दोघांनी अपूर्णांकांत कायमचे बांधले आणि त्या हिशेबाची श्रुतिपेटी लंडनमध्ये बनवून घेतली. १९१६ साली बडोद्यास पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली, तेथे तिचे प्रात्यक्षिक झाले, आणि जमलेल्या गवयांस तिचे स्वर पटले नाहीत. विष्णु नारायण भातखंडे तर या श्रुतिगणिताविषयी आधीपासूनच साशंक होते. गवई म्हणत, राग पेटीत सापडत नाही. त्यांचे म्हणणे पुढे मापनानेही खरे ठरले. १९६३ मध्ये जयराजभॉय आणि स्टोन यांनी यंत्राच्या साहाय्याने उत्तर हिंदुस्थानी कलावंतांचे स्वर मोजले, तेव्हा एकच स्वर निरनिराळे कलावंत निरनिराळ्या उंचीवर लावतात, असे आढळले. म्हणजे श्रुती ही खुंटीवर टांगलेली वस्तू नव्हे. तिचे स्थान गाता गाता ठरते.

खुद्द लंडनच्या अलेक्झांडर एलिसने १८८५ मध्येच याहून मोठा निष्कर्ष काढला होता, आणि तो देवलांच्या प्रतिपक्षाने वाचावयास हवा होता. एलिसने निरनिराळ्या राष्ट्रांची वाद्ये मोजली. सप्तकाचे १२०० भाग कल्पून स्वरांतरे मोजण्याची आज जगभर चालणारी रीत त्याचीच. त्याचे म्हणणे असे, की जगाचे सप्तक एक नाही, आणि निसर्गाने नेमून दिलेलेही नाही. माणसांनी ती आपापल्या परीने घडवली आहेत. जावा बेटातील काशाच्या वाद्यांचे ताफे घ्या. एका ताफ्याचे स्वर दुसऱ्याशी जुळतीलच असे नाही, आणि तेथील रसिकांना त्यात वावगेही वाटत नाही. उलट आपल्या ताफ्याच्या खास स्वरांचा त्यांना अभिमान असतो. १८८९ च्या पॅरिसच्या प्रदर्शनात हे संगीत ऐकून देब्युसीसारखा फ्रेंच संगीतकार थक्क झाला. देवलांच्या पट्टीने हे संगीत मोजले तर नापास होईल, आणि पियानोच्या पट्टीनेही होईल.

शिवाय 'देश' म्हणजे तरी काय? मिरजेचेच पाहा. अब्दुल करीम खाँ मूळचे उत्तरेकडील कैराना गावचे. बडोद्याहून दक्षिणेस आले आणि त्यांची कर्मभूमी झाली ती हा कृष्णाकाठ. त्यांच्या सरगमेवर कर्नाटक संगीताचा ठसा स्पष्ट आहे. १९३७ साली मद्रासकडे प्रवासात त्यांचे देहावसान झाले, तरी कबर मिरजेस मीरासाहेबांच्या दर्ग्यात आहे आणि उरुसात तेथे गवयांची हजेरी लागते. त्यांची कन्या हिराबाई बडोदेकर १९०५ मध्ये मिरजेसच जन्मल्या. त्यांच्याही आधी बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी ग्वाल्हेरास जाऊन तेथील गायकी आणली आणि मिरजेस शिकवली. त्यांचे शिष्य विष्णु दिगंबर पलुस्कर, कुरुंदवाडचे, यांनी ती १९०१ साली लाहोरास नेऊन गांधर्व महाविद्यालय काढले. हे गाणे कोणत्या गावचे म्हणावयाचे? आणि ज्या सांगली-मिरजेत बेसूर पेटीविरुद्ध ग्रंथ लिहिला गेला, तेथीलच रसिकांनी नाट्यसंगीताबरोबर आलेला विलायती ऑर्गन डोक्यावर घेतला, हेही विसरता येत नाही. आकाशवाणीने १९४० साली पेटीवर बंदी घातली आणि ती सैल व्हावयास १९७१ उजाडले. तेवढ्या काळात घराघरांतली पेटी काही बंद पडली नाही.

देवलांच्या मापनात आणखी एक उणीव आहे, आणि ती आम्हांस सर्वांत मोठी वाटते. ज्या साताऱ्यात संस्था निघाली त्याच जिल्ह्यात तेव्हा वाळवे तालुका मोडत असे. (१९४९ मध्ये दक्षिण सातारा निराळा झाला, १९६० मध्ये त्यास सांगली जिल्हा हे नाव मिळाले.) त्या वाळव्यातील रेठऱ्याचा श्रीधर कृष्ण कुलकर्णी हा ब्राह्मणाचा मुलगा पठ्ठे बापूराव झाला, तमाशात शिरला, आणि संस्था निघाली तेव्हा त्याच्या लावण्या गावोगाव गाजत होत्या. अपूर्णांकांच्या तक्त्यात त्याला जागा नव्हती. तुणतुण्याला एकच तार. तिचा हिशेब तो काय मांडावयाचा! पण ढोलकीवाला लावणीची लय ज्या तऱ्हेने मागे खेचतो, आणि शेवटच्या क्षणी सोडून देतो, त्या कौशल्याचे माप कंपसंख्येत नाही. परकीयाने आपल्यास जसे एका पट्टीने मोजून कमी ठरवले, तसेच आपण आपल्या घरातल्या माणसांस ठरवले. तमाशातील कलावंत बहुतांशी महार, मांग, कोल्हाटी समाजांतले. व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर त्यांच्या कलेची 'संगीत' म्हणून गणना होण्यास बराच काळ जावा लागला.

साऱ्या पृथ्वीचे संगीत निवडण्याचा प्रत्यक्ष प्रसंग मात्र एकदा आला. १९७७ साली अमेरिकेने व्हॉयेजर नावाची दोन याने सूर्यमालेबाहेर जाणाऱ्या मार्गावर सोडली, त्यांवर सोन्याचा मुलामा दिलेली एकेक तबकडी आहे. सत्तावीस संगीतखंड तीत बसवले. एकट्या बाखचे तीन, बेथोव्हेनचे दोन. जावाचा एक आहे, पेरूचा, जपानचा, सेनेगलचाही आहे. भारताच्या वाट्यास एक आला: गोव्याच्या केसरबाई केरकर यांची भैरवी, सुमारे साडेतीन मिनिटे. याच केसरबाईंना लहानपणी कोल्हापुरात काही महिने अब्दुल करीम खाँ यांची तालीम मिळाली होती. बाखला तीन आणि आपल्याला एक, यावर रुसण्याचे कारण नाही. निवडणारे अमेरिकन होते. आपण निवडली असती तर आपले किती आणि सेनेगलचे किती घेतले असते, हे ज्याने त्याने आपल्या मनास विचारावे.

राहिली ती तंबोऱ्याची गोष्ट. ती मिरजेचीच आहे आणि देवलांच्या अंगणातली आहे. हत्यारांस धार लावणाऱ्या शिकलगारांचा धंदा संस्थानी काळात बसला, तेव्हा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फरीदसाहेब यांच्यासारखे कारागीर तंतुवाद्यांकडे वळले. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा जाड सालीचा कडू भोपळा, तुणीच्या लाकडाची दांडी, आणि पुढे 'सतारमेकर' हे आडनावच पडलेली घराणी. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास भौगोलिक मानांकन मिळाले. पण या वाद्यातले खरे नवल घोडीवर आहे. व्हायोलिनची घोडी धारदार. तार तिच्यावर एका रेषेत टेकते. तंबोऱ्याची घोडी रुंद आणि किंचित उतरती. तार तिला नुसती चाटत जाते, आणि खाली घातलेला सुताचा दोरा ती चाटण्याची जागा ठरवतो. १९२१ मध्ये चंद्रशेखर वेंकट रामन यांनी दाखवले, की यामुळे युरोपीय शास्त्राचा एक मान्य नियमच येथे मोडतो. तार ज्या बिंदूवर छेडली असता अमुक उपस्वर निघू नये, तेथे छेडली तरीही तंबोऱ्यात तो निघतो. देवल ज्याचा हिशेब मांडत होते तो गंधार इतका भरघोस का ऐकू येतो, याचे हे कारण.

त्या घोडीच्या उतारास जवारी म्हणतात, आणि ती लावण्याचे ठरीव माप नाही. कोणा गवयाला खुली, झणझणीत जवारी हवी असते. कोणाला बंद, गोल आवाजाची. तारांनी घोडी झिजते, आणि काही काळाने तंबोरा पुन्हा कारागिराकडे न्यावा लागतो. आता खटका दाबताच सूर देणारी विजेची पेटी विद्यार्थ्यांच्या घरी आली आहे, तिला मिरजेस न्यावे लागत नाही; म्हणून गल्लीतील पुष्कळ मुले दुसऱ्या नोकऱ्यांकडे वळली. जे राहिले आहेत ते अजून तसेच काम करतात: घोडीवर कानशीचा हलका हात, मग तार छेडावयाची, ऐकावयाचे, दोरा केसभर सरकवावयाचा, आणि गिऱ्हाईक गवई समोर बसला असेल तर त्याला विचारावयाचे, "असा हवा, की आणखी थोडा खुला?"