मृत्युपत्राने मिळालेले घर: दप्तरी नोंदीस विलंब नको

आई-वडिलांच्या निधनानंतर मृत्युपत्रानुसार घर मुलाकडे किंवा मुलीकडे येते. कुटुंब तेथे राहत असते, घरपट्टी आणि विजेचे देयकही नियमित भरले जाते. मात्र सरकारी दप्तरात घर वर्षानुवर्षे दिवंगत व्यक्तीच्याच नावे राहते. विक्री, कर्ज अथवा पुनर्विकासाची वेळ आली की ही त्रुटी उघड होते. तोपर्यंत मृत्युपत्रावरील साक्षीदारही हयात नसण्याची शक्यता असते.

भारतीय उत्तराधिकार अधिनियम, 1925 नुसार सर्वसाधारण मृत्युपत्रावर ते करणाऱ्याची स्वाक्षरी आणि किमान दोन साक्षीदारांचे साक्षांकन आवश्यक असते. नोंदणी ऐच्छिक आहे. नोंदणी केल्याने दस्तऐवजाची विश्वासार्हता वाढते. परंतु वाद न्यायालयात गेल्यास नोंदणीकृत मृत्युपत्रही सिद्ध करावेच लागते. साक्षांकन करणारा साक्षीदार हयात आणि उपलब्ध असेल, तर किमान एकाची साक्ष त्यासाठी आवश्यक ठरते.

मुंबई, कोलकाता आणि चेन्नई या महानगरांतील मिळकतींबाबत हिंदूंसह काही समाजांच्या मृत्युपत्रांना दीर्घकाळ प्रोबेट, म्हणजे न्यायालयाचे प्रमाणन, अनिवार्य होते. ही सक्ती करणारे कलम 213 संसदेने डिसेंबर 2025 मध्ये मंजूर केलेल्या कायद्याने वगळण्यात आले. तथापि, वारसांमध्ये वाद असल्यास प्रोबेटचा मार्ग आजही उपयुक्त आहे.

नोंद कोठे करावी?

घराची नोंद एकाच कार्यालयात नसते, आणि एका ठिकाणी नाव बदलले म्हणून दुसरीकडे ते आपोआप बदलेलच असे नाही. महाराष्ट्रात नगर भूमापन झालेल्या क्षेत्रात मिळकत पत्रिकेवरील नोंदीसाठी नगर भूमापन कार्यालयात अर्ज करावा लागतो. जमीन सातबाऱ्यावर असल्यास तलाठ्याकडे, म्हणजेच आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे जावे लागते. घरपट्टीची नोंद महापालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीत स्वतंत्रपणे बदलावी लागते. सदनिका असल्यास गृहनिर्माण संस्थेकडे भागदाखल्याच्या हस्तांतरणाचा अर्ज द्यावा लागतो. संस्थेकडे नामनिर्देशन केलेली व्यक्ती केवळ त्या कारणाने मालक होत नाही, हेही ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 नुसार जमिनीतील हक्क वारसाने प्राप्त झाल्यास त्याची माहिती तीन महिन्यांच्या आत देणे अपेक्षित आहे. अर्जासोबत सामान्यतः मृत्यूचा दाखला, मृत्युपत्राची प्रत, वारसांची माहिती, ओळखपत्र आणि मिळकतीचा अद्ययावत उतारा मागितला जातो. त्यानंतर हितसंबंधितांना नोटीस दिली जाते. हरकत न आल्यास फेरफार प्रमाणित होतो. हरकत आल्यास सुनावणी होते.

नोंद म्हणजे मालकी नव्हे

फेरफार नोंद प्रामुख्याने महसूल वसुलीसाठी असते. तिच्यामुळे मालकी निर्माण होत नाही अथवा संपुष्टातही येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने वेळोवेळी स्पष्ट केले आहे. मृत्युपत्राच्या आधारे हक्क सांगितला जात असेल आणि त्याविषयी वाद असेल, तर दाद दिवाणी न्यायालयात मागावी, असे न्यायालयाने 2021 मधील जितेंद्र सिंह विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या प्रकरणात म्हटले होते. त्यामुळे एखाद्या वारसाच्या नावे नोंद झाली म्हणून अन्य वारसांचा हक्क बुडत नाही. आणि नोंद राहिली म्हणून मृत्युपत्र निष्प्रभ होत नाही. मात्र बँक आणि खरेदीदार प्रथम उतारेच पाहतात, हे व्यवहारातील वास्तव आहे.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी कुटुंबांना हीच प्रक्रिया वेगळ्या नावांनी भेटते. मध्य प्रदेशात तिला नामांतरण, उत्तर प्रदेश व बिहारमध्ये दाखिल-खारिज, तर बंगळूरुमध्ये खाता हस्तांतरण म्हणतात. गोव्यात वारसाहक्काचा कायदाच निराळा असून तेथे सक्तीचे वारस असल्यास साधारणतः निम्म्या मालमत्तेचीच मृत्युपत्राने व्यवस्था लावता येते.

मृत्युपत्र करणाऱ्याला स्वतःच्या मालकीच्या हिश्श्यापुरतीच व्यवस्था करता येते. म्हणून वडिलोपार्जित घराबाबत मूळ कागदपत्रे आधी तपासावीत. साक्षीदार हयात असताना आणि भावंडांमध्ये सलोखा असताना सर्व दप्तरांतील नोंदी पूर्ण करणे, तसेच इतर वारसांचे लेखी ना-हरकत पत्र घेणे, हा वाद टाळण्याचा सुरक्षित मार्ग होय.