ग्रामसभांनी मागितलेला दर्जा

अमेरिकेच्या ईशान्य भागात, मॅसॅच्युसेट्स आणि न्यू हॅम्पशायर या दोन राज्यांच्या मुलुखातून, नॅशुआ नावाची एक मध्यम आकाराची नदी वाहते. तिचा प्रवाह उत्तरेकडे जातो आणि नॅशुआ याच नावाच्या शहरापाशी ती मेरिमॅक नदीस मिळते; आपल्याकडे असती तर उत्तरवाहिनी म्हणून तिच्या काठी घाट, देवालय आणि पर्वणीचा मेळा असा सारा जामानिमा जमला असता. तिच्या वाट्याला आले ते मात्र कागदाचे कारखाने. फिचबर्गच्या गिरण्यांत ज्या रंगाचा कागद निघे त्या रंगाचे पाणी खालच्या गावांना दिसे, आज तांबडे तर उद्या हिरवे; आणि 1960 च्या दशकात सरकारी प्रतवारीत ती ज्या वर्गात जाऊन पडली होती त्याचा सरळ अर्थ एवढाच की, आणखी मैला सोडण्याच्याही लायकीची ती उरलेली नाही. त्याच नदीचा मोठा भाग, स्क्वॉनाकूक आणि निसिटिसिट या तिच्या दोन उपनद्यांसह, 12 मार्च 2019 रोजी देशातील संरक्षित रम्य नद्यांच्या यादीत दाखल झाला.

या दोन अवस्थांमधील अंतर कापण्यास अर्धशतकाहून अधिक काळ लागला, आणि त्याच्या प्रारंभी मॅरियन स्टोडार्ट या बाई उभ्या आहेत. 1962 मध्ये त्या ग्रोटन गावी राहावयास आल्या. पुढे त्यांनी नदीशुद्धीसाठी समिती उभारली, सह्यांचे अर्ज फिरविले, आणि नदीच्या घाण पाण्याने भरलेली बाटली थेट गव्हर्नर जॉन व्होल्पी यांच्या हाती दिली. नदी स्वच्छ होईपर्यंत ती त्यांनी टेबलावरच ठेवावी अशी अट घातली होती, असे सांगतात. मला या कथेपेक्षा बाईंची दुसरी युक्ती अधिक मोलाची वाटते. गिरणीमालकांना शत्रुपक्षात ढकलून देण्याऐवजी त्यांनी त्यांनाच आपल्या बाजूस वळविले. 1966 मध्ये मॅसॅच्युसेट्सने जलशुद्धीचा कायदा केला, 1972 मध्ये संघराज्याचा कायदा आला, मैलापाण्याच्या शुद्धीकरणाची केंद्रे उभी राहिली, आणि पाण्यात मासे परतले.

पाणी निवळले म्हणजे नदी सुरक्षित झाली, असे मात्र होत नाही. निवळलेल्या पाण्याच्या काठी घरे बांधावीशी वाटतात, बंधारा घालून वीज काढावीशी वाटते. घाणीने जी नदी माणसांपासून दूर राहिली होती तीच स्वच्छ झाल्यावर त्यांच्या लोभास पात्र ठरते. येथे 1968 चा नदीसंरक्षणाचा कायदा उपयोगी पडला. फ्लॅटहेड नदीच्या एका शाखेवर योजलेल्या धरणास विरोध करताना जॉन क्रेगहेड या प्राणिशास्त्रज्ञाच्या मनात त्याची कल्पना आली, आणि 2 ऑक्टोबर 1968 रोजी राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी त्यावर स्वाक्षरी केली तेव्हा यादीत अवघ्या 8 नद्या होत्या. नद्यांचे निबिड, रम्य आणि विहारयोग्य असे तीन वर्ग त्याने केले असले, तरी त्याचे खरे मर्म वर्गवारीत नाही. यादीतील नदीवर नव्या जलविद्युत धरणास परवाना देता येत नाही, आणि प्रवाहास प्रत्यक्ष बाधा पोहोचेल अशा जलप्रकल्पास संघराज्याच्या कोणत्याही खात्यास पैसा किंवा मंजुरी देता येत नाही. म्हणजे हा कायदा प्रजेपेक्षा सरकारचेच हात अधिक बांधतो.

हे लोकांच्या गळी उतरविणे सोपे नव्हते. पश्चिमेकडील पुष्कळशा नद्या सरकारी जंगलांतून वाहतात. पूर्वेकडे मात्र दोन्ही काठांची जमीन शेतकऱ्यांच्या आणि घरमालकांच्या नावावर असते, आणि वॉशिंग्टनचे नाव निघाले की आपले शेत सरकारजमा होणार, ही धास्ती तेथे पिढीजात आहे. फार्मिंग्टन नदीच्या वेळी मॅसॅच्युसेट्समधील काठच्या गावांनी याच भयापोटी विरोध केला आणि त्यांचा भाग गळाला. शेवटी 1994 मध्ये कनेक्टिकटमधील 14 मैलांनाच दर्जा मिळाला. परंतु त्या निमित्ताने भागीदारीची जी तजवीज रूढ झाली, तिच्यात केंद्र सरकार जमीन घेत नाही, उद्यान करीत नाही, बांधकामाचे नियम गावांच्याच हाती ठेवते. आणि नॅशुआच्या लोकांनी नेमका हाच धडा गिरविला.

ही नदी यादीत येण्यास पात्र आहे का, याच्या अभ्यासास 2014 च्या डिसेंबरात मंजुरी मिळाली, ज्यासाठी प्रतिनिधी नीकी साँगस यांनी विधेयक आणले होते. राष्ट्रीय उद्यान सेवेच्या साहाय्याने स्थानिकांची समिती बसली. नदीत असे काय आहे की जे अन्यत्र सहज आढळणार नाही, हे तिला कागदावर सिद्ध करावयाचे होते. ब्लँडिंग जातीचे कासव घ्या: पिवळा गळा, घुमटासारखी पाठ, प्रौढ होण्यास दीड दशकाच्या आसपास लागणारा काळ, आणि अंडी घालण्यासाठी पाणी सोडून जमिनीवरून दूरवर चालत जाण्याची खोड. अशा प्राण्यास केवळ निर्मळ पाणी पुरत नाही, अखंड काठ लागतो. डेव्हन्सच्या जुन्या लष्करी तळालगत, सैन्याच्याच जमिनीवर 1974 मध्ये झालेल्या ऑक्सबो अभयारण्यात तो काठ शिल्लक राहिला. तोफखान्याच्या आश्रयाने कासव वाचावे, हा योग विरळाच म्हणावयाचा.

आराखडा तयार झाल्यावर 2018 मध्ये तो 11 गावांच्या सभांपुढे गेला. न्यू इंग्लंडमधील ग्रामसभा आपल्या ग्रामसभेसारखी कागदोपत्री नसते. नोंदलेल्या प्रत्येक मतदारास शाळेच्या सभागृहात येऊन बसता येते, आणि शाळेचे अंदाजपत्रक, रस्त्यांची डागडुजी, अग्निशमनाची गाडी यांच्याच रांगेत नदीचा ठरावही मतास येतो. अकराही गावांनी तो संमत केला. त्यानंतर काँग्रेसने भूसंरक्षणाच्या एका अवाढव्य कायद्यात तो गोवला, आणि नॅशुआचे 27, स्क्वॉनाकूकचे 16.3 व निसिटिसिटचे 9.5 मिळून 52.8 मैल नोंदले गेले.

या मैलांच्या हिशोबात तडजोड आहेच. दोन जलविद्युत केंद्रांची हद्द आणि स्क्वॉनाकूकवरील एका कागद-कारखान्याचा बंधारा वगळण्यात आला. फिचबर्गवरून येणारी उत्तर शाखा आणि राज्यसीमेपलीकडील मूळ नदीचा भागही यादीबाहेर राहिला. कट्टर निसर्गवाद्यांस हे खटकावे. पण चालू बंधाऱ्यांवर अडून बसले असते तर कारखानदार आणि त्यांच्यामागे काही गावेही फिरली असती, असा माझा कयास आहे. आता नदीच्या देखरेखीसाठी गावांच्या प्रतिनिधींचे मंडळ बसते, परंतु त्याचा अधिकार सल्ल्यापुरताच. एखाद्या गावाने उद्या काठच्या बांधकामाचे नियम सैल करावयाचे ठरविले, तर वॉशिंग्टनहून कोणी अडवावयास येणार नाही; हरकत घ्यावयाची ती त्याच गावच्या रहिवाशांनी, त्याच ग्रामसभेत.